विरघळणाऱ्या चाकांचं घड्याळ

१७२९ साली झाँ-झाक दॉर्तू द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड अंधारात नेऊन ठेवलं. लाजाळूची पानं दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं कारणही उघड वाटत होतं: ऊन. पण जिथे ऊन पोचतच नव्हतं तिथेही पानं सकाळी उघडत राहिली, संध्याकाळी मिटत राहिली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या प्रयोगाची छोटीशी नोंद झाली. निष्कर्ष असा, की झाडाला सूर्य न दिसताही त्याची चाहूल लागते.

चाहूल लागते म्हणजे नेमकं काय होतं? ते काही कुणी सांगितलं नाही. पुढे शंभरेक वर्षांनी, १८३२ मध्ये, ओग्युस्तँ द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळूला अशा जागी ठेवलं जिथे दिवस-रात्रीचा फरकच पडणार नाही. पानांची उघडमीट चालू राहिली, पण २४ तासांच्या चक्राने नाही, २२ ते २३ तासांच्या. झाडाला खरोखर सूर्याची चाहूल लागत असती तर हिशेब २४ तासांचाच आला असता. रोज तास-दोन तास पुढे पळणारं हे घड्याळ सूर्याचं असणं शक्य नव्हतं, ते झाडाचंच होतं. वेळ चुकत होती म्हणून तर त्याचा मालक सापडला.

तर झाडात घड्याळ आहे. आता पानं का हलतात ते कळलं का? माझ्या मते नाही. हे नुसतं बारसं झालं. आत काय आहे, ते चालतं कसं, यातलं काहीच हाती आलेलं नाही. पण मग काय हाती आलं म्हणजे 'कळलं' म्हणायचं? सजीवांच्या बाबतीत या प्रश्नाशी झगडणारी तत्त्वज्ञानाची एक अख्खी शाखा आहे, आणि ती समजून घ्यायला जैविक घड्याळाइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रश्नाचं एक रुबाबदार उत्तर प्रचलित होतं. कार्ल हेम्पेल आणि पॉल ओपेनहाइम या तत्त्वज्ञांनी ते १९४८ साली मांडलं. त्यांचं म्हणणं असं: एखादा सर्वसाधारण नियम घ्या, त्याला सुरुवातीची परिस्थिती जोडा, आणि त्या दोहोंतून घटना तर्काने निघाली की तिचं स्पष्टीकरण झालं. ग्रहणाला हे छान लागू पडतं. लाजाळूला लावून पाहू. नियम: अखंड अंधारात या झाडाची पानं दर २२ तासांनी उघडतात. परिस्थिती: आज ती सकाळी सहाला उघडली. म्हणून उद्या पहाटे चारला उघडतील. भाकीत चोख आहे, तर्कात खोट नाही, आणि झाडात काय चाललंय याचा पत्ता आपल्याला जिथल्या तिथेच.

शिवाय जीवशास्त्रात नियमांचा दुष्काळ. जो नियम सांगावा त्याला अपवाद असणारा एखादा प्राणी कुठेतरी असतोच. आणि खरं तर जीवशास्त्रज्ञ नियम शोधत बसलेही नव्हते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या फळ्यावर समीकरणं कमी आणि चौकोन, गोल, बाण जास्त. हा त्याला चिकटतो, तो याला कापतो, मग ते तिकडे जाऊन हे बंद करतं. तत्त्वज्ञांचं लक्ष या फळ्याकडे जरा उशिरानेच गेलं. विल्यम बेक्टेल आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी १९९३ मध्ये, आणि त्यानंतर पीटर मॅकेमर, लिंडली डार्डन आणि कार्ल क्रेव्हर यांनी २००० साली एका गाजलेल्या लेखात म्हटलं की तो फळा म्हणजेच स्पष्टीकरण आहे. जीवशास्त्रात एखादी गोष्ट समजावणं म्हणजे ती घडवणारी यंत्रणा दाखवणं. आणि यंत्रणा म्हणजे घटक, त्यांच्या क्रिया, आणि दोन्हींची अशी मांडणी की सुरुवातीपासून शेवटापर्यंत ठरावीक बदल दर वेळी घडत जावा.

इथे मराठीचा एक फायदा सांगतो. आपल्याकडे 'यंत्र' आणि 'यंत्रणा' हे दोन वेगळे शब्द आहेत. यंत्र म्हटलं की दाते, पट्टे, तेल डोळ्यांपुढे येतं. पण निवडणूक यंत्रणा, मदत यंत्रणा म्हणतो तेव्हा आपल्या मनात माणसं असतात, त्यांची ठरलेली कामं असतात आणि कुणी कुणाला कळवायचं याचा क्रम असतो. त्यातली माणसं बदलतात, यंत्रणा राहते. या मंडळींना अभिप्रेत असलेला अर्थ या दुसऱ्या शब्दाच्या जवळ आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घड्याळ उघडू. १९७१ साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी फळमाश्यांना रसायन देऊन त्यांच्या जनुकांमध्ये बिघाड घडवले आणि त्यांच्या पिलावळीत वेळ चुकवणाऱ्या माश्या शोधल्या. ही माशी कोशातून बाहेर पडते ती साधारण पहाटेच्या सुमारास. कोश फोडायची वेळ तिच्या आयुष्यात एकदाच येते, म्हणून एका माशीवरून काही समजत नाही, सगळ्या घोळक्याची वेळ पाहावी लागते. त्यांना तीन प्रकारच्या बिघडलेल्या माश्या सापडल्या. एकींचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्यांचा २८ तासांचा, आणि तिसऱ्यांना दिवसच नाही, केव्हाही बाहेर पडायच्या. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्याला 'पीरियड' हे नाव मिळालं.

या प्रयोगाची ताकद कशात आहे ते नीट पाहायला हवं, कारण एरवी 'अमक्याचं जनुक सापडलं' अशा बातम्या वाचून आपण फसतो. समजा, मी माशीचं एक जनुक मोडलं आणि तिची दिनचर्या बंद पडली. ते जनुक घड्याळाचं होतं का? काय सांगावं! माशीला चिरडलं तरी तिची दिनचर्या बंद पडते. तिचा श्वास कोंडला तरीही. एखादी गोष्ट काढल्यावर काम थांबतं एवढ्यावरून ती त्या कामाचा भाग ठरत नाही. वीज गेली की पंखा थांबतो, म्हणून वीजकेंद्र हा काही पंख्याचा सुटा भाग नव्हे. पण कोनोप्का आणि बेंझर यांच्याकडे नुसती मोडतोड नव्हती. एकाच जागी एक बदल केला की घड्याळ पुढे पळतं, दुसरा केला की मागे पडतं, तिसरा केला की थांबतं. उपाशी किंवा आजारी माशी संथ होईल, तिचा दिवस नेमका १९ तासांचा होणार नाही. त्यांनी घड्याळाची किल्ली फिरवून पाहिली होती.

आधाराला असलेल्या गोष्टी कोणत्या आणि यंत्रणेचे खरे घटक कोणते, हे ठरवायला क्रेव्हरने २००७ मध्ये एक कसोटी सुचवली: परिणाम दोन्ही दिशांनी दिसला पाहिजे. भागात ढवळाढवळ केली की सगळ्याच्या वागण्यात फरक पडावा, आणि सगळ्याला वेगळं वागायला लावलं की त्या भागातही हालचाल दिसावी. ही कसोटी अगदी निर्दोष आहे असं मला वाटत नाही. पण तिच्यामागची नजर किती कामाची आहे ते हॅमस्टरच्या एका प्रयोगात दिसतं.

सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. तो नष्ट केला की उंदराची दिनचर्या विस्कटते, हे १९७२ मध्येच दिसलं होतं. पण शंका तीच: पुंजका हेच घड्याळ, की घड्याळाचा निरोप नेणारी तार? पुढे १९८८ मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना एक जन्मजात बिघडलेला हॅमस्टर सापडला, त्याच्या वंशात २० तासांचा दिवस असणारे हॅमस्टर निपजले. मग १९९० मध्ये एका हॅमस्टरचा पुंजका काढून त्याजागी दुसऱ्या वंशाच्या गर्भातला पुंजका बसवण्यात आला. विस्कटलेली दिनचर्या पुन्हा सुरू झाली, आणि ती यजमानाची नव्हती, दात्याची होती. चोवीस तासांच्या हॅमस्टरला बिघडक्या वंशाचा पुंजका बसवला की तो छोट्या दिवसाचा होई, उलट केलं की उलटं. तार बदलली म्हणून घड्याळाचा वेग बदलत नाही.

पुढे त्या पुंजक्यातल्या पेशी सुट्या करून बशीत ठेवल्या, तर एकेक पेशी आपापलं घड्याळ चालवते असं दिसलं, आणि प्रत्येकीचा दिवस थोडा वेगळा. एकत्र असताना मात्र त्या एकमेकींना सांभाळून घेतात आणि सगळ्यांचा मिळून एक ठोका पडतो. म्हणजे हॅमस्टरची दिनचर्या पुंजक्यामुळे, पुंजक्याचा ठोका पेशींमुळे, पेशींचा रेणूंमुळे. एका यंत्रणेचा घटक उघडला की आत दुसरी यंत्रणा. पण एकमेकींना सांभाळून घेणं एकट्या पेशीत शोधून सापडणार नाही, ते मांडणीत आहे. 'सगळं शेवटी रेणूंचंच तर आहे' हे वाक्य खोटं नाही, अपुरं आहे.

आता पेशीच्या आत. १९८४ मध्ये जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांच्या गटाने, आणि वेगळ्या प्रयोगशाळेत मायकेल यंग यांच्या गटाने, 'पीरियड' जनुक वेगळं करून हाती घेतलं. १९९० च्या सुमारास चित्र आकाराला आलं. जनुकावरून आरएनए नावाची नक्कल बनते, तिच्यावरून प्रथिन. प्रथिन साठत जातं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि स्वतःचंच जनुक बंद पाडतं. जनुक बंद, म्हणून नवं प्रथिन बनत नाही. असलेलं हळूहळू नष्ट होतं. ते संपलं की जनुक पुन्हा मोकळं. २०१७ चं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं. कोनोप्का आणि बेंझर तोवर हयात नव्हते.

साठलं, अडवलं, ओसरलं, पुन्हा साठलं. किती पटण्यासारखं आहे, नाही? पण इथे थोडं अडायला हवं, कारण ही गोष्ट ऐकायला पूर्ण वाटते आणि पूर्ण नसते.

स्वतःलाच अडवणारी वस्तू झोके का घेईल? ती मधल्या कुठल्यातरी पातळीवर जाऊन शांत बसेल हे जास्त शक्य आहे. थोडं प्रथिन बनलं, थोडं अडलं, थोडं नष्ट झालं, जमाखर्च सारखा झाला, संपलं. न्हाणीघरातला नळ आठवा. पाणी थंड लागलं की नळ गरमकडे फिरवायचा, गरम लागलं की थंडकडे. फिरवल्याबरोबर पाणी बदललं तर दोन क्षणांत मनासारखं पाणी मिळतं. पण पाइप लांब असेल तर? थंड आहे म्हणून फिरवता, काही होत नाही, आणखी फिरवता, आणि मग एकदम चटका बसतो. घाईने उलट फिरवता, पुन्हा काही नाही, आणखी फिरवता, आणि मग गारठता. माणूस तोच, नळ तोच, नियमही तोच. झोके आले ते पाइपच्या लांबीमुळे.

पेशीतला लांब पाइप कोणता? यंग यांच्या गटाला तो तुकड्यातुकड्याने सापडला. पीरियड प्रथिन एकटं टिकत नाही. त्याला 'टाइमलेस' नावाचा जोडीदार लागतो, आणि जोडी जमल्यावरच केंद्रकात प्रवेश. शिवाय 'डबलटाइम' नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे, ते पीरियडवर फॉस्फेटची खूण लावून त्याला नष्ट होणाऱ्यांच्या रांगेत ढकलतं. त्यामुळे साठा व्हायला वेळ लागतो, आरएनएचा भर येऊन गेल्यावर काही तासांनी प्रथिनाचा भर येतो, आणि त्या उशिरात झोका जन्मतो. किती उशीर पुरेल, अडवणं किती तीव्र असायला हवं, हे मात्र चौकोन-बाणांच्या चित्रावरून सांगता येत नाही. त्याला समीकरणं लागतात. बेक्टेल आणि अडेले अब्राहमसेन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: घटक, क्रिया, मांडणी दाखवली तरी त्यातून खरंच ताल निघतो का हे गणिताने तपासल्याशिवाय स्पष्टीकरण अर्धवट आहे. गणिताला दारातून घालवलं होतं, ते खिडकीतून परत आलं. मला यात कुणाचा पराभव दिसत नाही. फळ्यावरचं चित्र नसतं तर समीकरणात कोणती अक्षरं घालायची हेच कळलं नसतं.

आणि हो, त्या हॅमस्टरचा बिघाड २००० साली सापडला, तो डबलटाइमच्याच कुळातल्या विकरात. वर्षभराने, अतिशय लवकर झोपणाऱ्या एका मानवी कुटुंबातही बिघाड सापडला: पीरियडच्या मानवी भावंडात, आणि तोही नेमका फॉस्फेट लागायच्या जागी. ही माणसं संध्याकाळी साडेसातच्या आसपास झोपतात आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होतात. आपण त्यांना शिस्तीची म्हणू. त्यांच्यात फक्त एका खुणेची जागा बिघडलेली असते.

आता सगळ्यात जुनी हरकत. सजीवाला घड्याळ म्हणण्याची हौस देकार्तपासूनची आहे. तिच्यावर १७९० साली इमान्युएल कांट याने जो आक्षेप घेतला तो अजून ताजा आहे. घड्याळातलं एक चाक दुसऱ्याला फिरवतं, पण दुसऱ्याला घडवत नाही. चाक हरवलं तर घड्याळ नवं चाक उगवत नाही, बिघडलं तर स्वतःला दुरुस्त करत नाही. सजीव हे सगळं करतो. आज जॉन डुप्रे आणि डॅनियल निकल्सन यांच्यासारखे तत्त्वज्ञ हाच मुद्दा पुढे नेतात: सजीवात टिकाऊ वस्तू नाहीतच, आहेत त्या प्रक्रिया. नदीतल्या भोवऱ्यासारख्या, पाणी वाहून जातं आणि आकार राहतो.

पीरियड प्रथिनाकडे पाहिलं की हा आक्षेप किती खोल आहे ते जाणवतं. ते प्रथिन या घड्याळाचं चाक म्हणावं, तर ते चाक रोज घडतं आणि रोज नष्ट होतं. नुसतं झिजतं म्हणून नाही. त्याचं नष्ट होणं हाच ठोका आहे. ते टिकलं तर घड्याळ बंद पडेल. पितळी घड्याळाची उपमा इथे पार मोडते. पण यंत्रणा मोडते का? मला वाटतं, नाही. माणसं बदलतात आणि यंत्रणा राहते, असं मघाशी म्हटलं ते इथे उपयोगी पडतं. घटकांनी अमर असावं अशी अट २००० सालच्या त्या व्याख्येत नाही. ती अट आपण 'यंत्र' शब्दाबरोबर चोरून आत आणतो.

अर्थात माझा हा निवाडा झाल्यावर निसर्गाने तो मान्य करावा असं काही नाही. सिनेकोकॉकस नावाचा एक नीलहरित जीवाणू आहे. त्याच्या घड्याळात तीन प्रथिनं असतात: कायए, कायबी आणि कायसी. इथेही जनुकं स्वतःला अडवतात म्हणून ताल निघतो, असंच सगळे धरून होते. २००५ साली ताकाओ कोंडो यांच्या गटाने ही तीन प्रथिनं आणि इंधन म्हणून एटीपी एवढंच परीक्षानळीत एकत्र केलं. जनुक नाही, पेशी नाही, नवं प्रथिन बनणं नाही. आणि कायसीवरच्या फॉस्फेटच्या खुणा जवळजवळ दिवसाच्या तालात चढत-उतरत राहिल्या, सलग काही दिवस. इथे चाक विरघळत नाही. कायए खुणा चढवायला लावतो, पुरेशा चढल्या की कायबी येऊन कायएला अडकवून ठेवतो, खुणा उतरतात, कायए सुटतो. कायसीचा एक रेणू दिवसभरात जेमतेम १५ एटीपी खर्च करतो. इतकी आळशी विकरं फार थोडी.

यंत्रणा सापडल्याचा याहून मोठा पुरावा काय मागणार? सुटे भाग एकत्र केले आणि घड्याळ चालू झालं. तरीही एक प्रश्न त्या नळीत मावत नाही: जीवाणूला घड्याळ हवंच कशाला? १९९८ मध्ये वेगवेगळ्या लांबीचा दिवस असलेल्या जीवाणूंना एकत्र वाढवून पाहिलं होतं. ज्याचं घड्याळ बाहेरच्या उजेड-अंधाराच्या चक्राशी जुळतं तो बाकीच्यांना मागे टाकतो. एर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच बजावलं होतं की 'कसं चालतं' आणि 'का टिकलं' हे वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. यंत्रणावाद्यांचा उत्साह कधीकधी हे विसरतो.

फळ्यावर सगळ्यात प्रामाणिक असतो तो रिकामा चौकोन. इथे काहीतरी आहे, काय ते माहीत नाही, एवढंच तो सांगतो. क्रेव्हर अशा अर्धवट चित्राला कच्चा आराखडा म्हणतो, आणि 'सक्रिय होतं', 'नियंत्रण करतं' अशा गुळगुळीत शब्दांनी चौकोन भरल्याचा आव आणू नका असं सांगतो. २०११ मध्ये जॉन ओ'नील आणि अखिलेश रेड्डी यांनी माणसाच्या तांबड्या रक्तपेशी घेतल्या. त्यांना केंद्रक नसतं, म्हणजे पीरियडसारखं जनुक बंद-चालू व्हायची सोयच नाही. त्या पेशी अंधारात ठेवल्या, तर त्यांच्यातल्या एका प्रथिनाची रासायनिक अवस्था साधारण २४ तासांनी बदलत राहिली. माशीचं चित्र तिथे लागू पडत नाही आणि कायए, कायबी, कायसी ही प्रथिनं माणसात नाहीत. अंधारात ठेवलेल्या रक्ताच्या थेंबाला दिवसाची चाहूल लागते, असं आपण म्हणू शकतो. द मेराँच्या लाजाळूबद्दल १७२९ मध्ये हेच म्हटलं गेलं होतं.